दसऱ्याला तलंगा, संक्रांतीला पहिलं अंडं: सोलापुरात परसातल्या कोंबड्या

मी पहिल्यांदा कोंबड्या पाळायला घेतल्या त्या मे महिन्यात. सायकलवर टोपल्या लावून गुलाबी, हिरवी पिलं विकणारा दारात आला, मुलांनी हट्ट धरला आणि मी बारा पिलं घेतली. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ती मागच्या पत्र्याच्या शेडखाली ठेवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी एकही शिल्लक नव्हतं. मोहोळ तालुक्यात आयुष्यभर कोंबड्या सांभाळलेल्या आजीला फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, "अगं, वैशाखात कुणी पिलं आणतं का?"

त्या एका प्रश्नातच सोलापुरात कोंबड्या पाळण्याचं निम्मं शिक्षण आहे. बहुतेक माहिती एक तर मोठ्या शेडवाल्यांसाठी लिहिलेली असते, नाही तर थंड, ओल्या मुलखातल्या अनुभवावर. आपली मुख्य अडचण ऊन आहे. म्हणून आपल्याकडचा क्रम असा: आधी सावली, मग पाणी, मग खुराडं आणि सगळ्यात शेवटी कोंबडी. आणि सुरुवात दसऱ्याच्या आसपास. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन उतरणीला लागलेलं असतं आणि पुढे चार महिने पाखराला मानवेल अशी हवा मिळते.

त्या रंगीत पिलांविषयी एक सांगून ठेवते. ती बहुतेक वेळा अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंडी उबवणाऱ्यांना त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ते रंगवून विकले जातात. जगले तरी अंडं देणार नाहीत. मुलांसाठी म्हणूनसुद्धा घेऊ नका.

कोणत्या आणि किती

चार-पाच माणसांच्या घराला सहा कोंबड्या पुरतात. त्यांतली एक गावरान असू द्या, का ते शेवटी सांगते. बाकीच्या पाच ग्रामप्रिया, वनराजा किंवा गिरिराज यांपैकी घ्या. पहिल्या दोन जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने आणि गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने खास परसात पाळण्यासाठी तयार केली. ग्रामप्रिया अंड्यांसाठी चांगली, घरगुती सांभाळात वर्षाला दीडशेच्या पुढे जाते. वनराजा आणि गिरिराज अंगाने भारी, त्यामुळे मटणालाही उपयोगी, पण त्यांना उंच उडता येत नाही आणि कुत्र्याच्या तावडीत लवकर सापडतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, पण कमी खाते, स्वतःचं रक्षण करते आणि उन्हाला काटक असते.

नवख्या माणसाने एक दिवसाचं पिलू घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती उतरवत न्यावी लागते. दिवा, परडी, रात्रीचं उठणं हे सगळं पहिल्याच वर्षी कशाला? त्यापेक्षा दहा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. दहा आठवड्यांची तलंग दसऱ्याला आणली तर गड्ड्याची जत्रा भरायच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या पुढेमागे, पहिलं अंडं हाती येतं. थंडीत दिवस लहान असल्यामुळे कधी महिनाभर उशीर होतो, त्याने घाबरू नका.

विकत घेताना पाखरू हातात घेऊन बघा. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, मागची पिसं न बरबटलेली, पायांवर खवले फुगलेले नाहीत. छातीचं हाड बोटाला धारदार लागलं तर पाखरू खंगलेलं आहे.

कोंबडा लागतो का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. अंड्यांसाठी लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवायही तितकीच अंडी देते, फक्त त्यांतून पिलं निघत नाहीत. घरं लागून असतील तर पहिल्या वर्षी कोंबडा नकोच, तो पहाटे चारला आरवतो. तुमच्या सोसायटीचे आणि महापालिकेचे नियम आणि शेजाऱ्यांचं मन, दोन्ही आधी विचारून घ्या. पहिली चार अंडी शेजारी गेली की पुढचं बरंच सोपं होतं.

खुराडं

सहा कोंबड्यांना चार फूट बाय चार फूट जागा रात्रीपुरती ठीक आहे. उंची पाच फूट ठेवा, म्हणजे साफ करताना आत वाकता येतं. जमिनीपासून दीड फूट वर उचललेलं असावं. जागेप्रमाणे ते लांबट केलं तर लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा. तसं केलं की सकाळचं आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडतं आणि लांब बाजूंच्या जाळीतून वारा खेळतो.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस आणि भटकं कुत्रं बाहेर ठेवत नाही. मुंगूस एकदा आत शिरलं की सगळ्यांच्या माना तोडून जातं. दाराला नुसता कोयंडा पुरत नाही, त्यात खिळा किंवा कडी अडकवा.

छपराला पत्रा असेल तर त्यावर कडब्याच्या पेंढ्यांचा जाड थर टाका आणि दोरीने बांधा. आपल्याकडे कडबा मिळतो, तो याच कामाचा आहे. पत्र्याखालची आणि कडब्याखालची हवा यात एप्रिलमध्ये हात लावून कळेल इतका फरक पडतो. खुराड्यातल्या दिव्याची वायर मात्र त्या कडब्याजवळून नेऊ नका. कडबा नसेल तर पत्र्याला पांढरा चुना मारा.

आत बसायला दोन इंच जाडीचा गोल दांडा, खुराड्याच्या तळापासून दोन फुटांवर, दर कोंबडीला आठ इंच जागा. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, अंधाऱ्या कोपऱ्यात. सहाजणींना दोन करा, म्हणजे भांडणं होत नाहीत. खाली भुईमुगाच्या टरफलांचा तीन इंचांचा थर. भाताचं तूस आपल्याकडे सहज मिळत नाही, टरफलं मिळतात. फक्त ती भिजलेली किंवा बुरशीचा वास येणारी नकोत. घरी माग असेल तर सुताचा कचरा अंथरायला वापरायचा मोह होईल. तो टाळा. कोंबडी दोरा गिळते आणि तो गळ्याखालच्या पिशवीत गुंता होऊन बसतो.

पहिला आठवडा

पाखरं संध्याकाळी आणा. लगेच खायला घालू नका. आधी पाणी द्या, एका लिटरला दोन चमचे गूळ घालून. तासाभराने भरडलेले दाणे घाला. त्यानंतर सात दिवस त्यांना खुराड्यातच कोंडून ठेवा. हे करायला जिवावर येतं, पण याच दिवसांत त्यांना घर कळतं. आठव्या दिवशी संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी सोडा. त्या लांब जात नाहीत आणि दिवेलागणीला आपसूक आत येतात. एखादी झाडावर बसली तर काळोख झाल्यावर उचलून आत ठेवा. दोन-तीन दिवसांत शिकते.

लस

राणीखेत, म्हणजे गावात ज्याला मानमोडी म्हणतात, त्याला औषध नाही. हिरवट पातळ विष्ठा, धाप, मग मान वाकडी होणं आणि दोन-चार दिवसांत अख्खा कळप साफ. वाचवते ती फक्त लस. विकणाऱ्याला नेमकं विचारा: पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेतची लस) झाली का, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो (पिलांच्या दुसऱ्या एका साथीच्या रोगाची लस) झाली का, चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस, सहाव्याच्या पुढे देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी (राणीखेतचीच टोचायची लस) टोचलं का. "सगळं झालंय" एवढंच उत्तर मिळालं तर तारखा विचारा. पुढचे डोस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा. एक अडचण अशी की लसीची बाटली बहुधा शंभर पाखरांची असते आणि उघडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतले, वस्तीवरचे चार-पाच जण मिळून एकाच दिवशी लस करा. बर्फातून आणा, सकाळी लवकर द्या. पाण्यातून द्यायची लस नळाच्या पाण्यात कालवू नका. त्यातलं क्लोरीन लस मारून टाकतं.

बर्ड फ्लूचं नाव काढलं की लोक घाबरतात. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तो आला होता. आपल्या हातात असतं ते इतकंच: रानपाखरं पितात त्या डबक्यापासून कोंबड्या दूर ठेवायच्या, खुराड्यात जाण्याची चप्पल वेगळी ठेवायची आणि एकाएकी तीन-चार पाखरं मेली तर ती उकिरड्यावर न टाकता दवाखान्यात कळवायचं. नीट शिजवलेल्या अंड्या-मटणातून तो होत नाही.

खाणं: ज्वारीच्या मुलखातली कोंबडी

अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. सहाजणींचे महिन्याला साधारण २० किलो झाले. परसात किडे, गवत मिळत असेल तर थोडं कमी.

अंडी सुरू होईपर्यंत बाजारातलं तयार ग्रोअर, म्हणजे वाढत्या पाखरांचं खाद्य द्या, अंडी सुरू होताना लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं. हात बसला की घरचं मिश्रण करता येतं. मी अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी दहा किलोचं असं करते: ज्वारी आणि मका मिळून साडेपाच किलो, जाडसर भरडून. शेंगदाणा पेंड दोन किलो. गव्हाचा कोंडा सव्वा किलोला थोडा कमी. सुकट ३०० ग्रॅम, कुटून. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा भुगा ८०० ग्रॅम. क्षारमिश्रण २०० ग्रॅम. हे मिश्रण तलंगांना घालू नका. इतका चुना लहान वयात मूत्रपिंडावर पडतो. अंडी सुरू होईपर्यंत शिंपल्यांचा भुगा वगळायचा.

पेंडीच्या बाबतीत कंजूषी आणि घाई दोन्ही नकोत. ओलसर पेंडीला लागणाऱ्या बुरशीत अफलाटॉक्सिन तयार होतं. ते कोंबडीचं यकृत खराब करतं आणि कोंबड्या त्याला फार हळव्या असतात. पेंड फोडून वास घ्या. खमंग यायला हवा. कुबट आला की ती ढोरांनाही घालू नका. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणा.

ज्वारीची एक गंमत मला फार उशिरा कळली. मालदांडीवर वाढलेल्या कोंबडीच्या अंड्यातला बलक फिका पडतो. पौष्टिकतेत उणं काही नसतं, पण पिवळ्या मक्यात जो रंग असतो तो पांढऱ्या ज्वारीत नसतो. तो रंग हिरव्या पाल्यातून मिळतो. म्हणून रोज मूठ-दोन मूठ हिरवं द्याच: शेवग्याचा पाला, मेथीचे देठ, तांदुळजा, घोळ, मंडईतल्या कोबीची बाहेरची पानं. दोन-तीन आठवड्यांत बलक केशरी होतो.

घरातलं उरलंसुरलं घालायला हरकत नाही, पण ते वरखर्चासारखं, पोट भरायला नव्हे. खारट लोणचं, चिवडा, बुरशी आलेली भाकरी, हिरवा पडलेला बटाटा, हे कधीच नको. शिळी भाकरी पाण्यात भिजवून कुस्करून द्या. आणि अंगणात बारीक खडे असू द्यात. कोंबडीला दात नसतात, ते खडेच तिच्या पोट्यात दाणे दळतात. फरशीवर पाळलेल्या कोंबडीला वाळूची वाटी वेगळी ठेवावी लागते.

पाणी ती खाण्याच्या दुप्पट पिते, उन्हाळ्यात चौपट. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे धरूनच हिशेब करा. सहाजणींसाठी मे महिन्यात दिवसाला तीन लिटर बाजूला राहिलं पाहिजे.

अंगणाच्या एका कोपऱ्यात चुलीची राख, भुसभुशीत माती आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला मिसळून खड्डा करून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा झडतात.

थंडी, हुरडा आणि पहिली अंडी

पहिलं अंडं लहान असतं, कधी बिनबलकाचं, कधी कवचावर रक्ताचा बारीक डाग असलेलं. हे नेहमीचं आहे. खोक्यात आधीपासून एखादं खोटं अंडं किंवा गोल पांढरा दगड ठेवला तर तलंग तिथेच घालायला शिकते.

अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, वापरायच्या आधीच धुवा. टोकदार बाजू खाली करून ठेवा. अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहायची सवय लावून घ्या, कारण ताज्या आणि जुन्या अंड्याचं काम स्वयंपाकघरात वेगळं आहे. आजचं अंडं उकडलं तर सोलताना निम्मा पांढरा भाग टरफलाबरोबर जातो. आठ-दहा दिवसांचं अंडं स्वच्छ सोलतं. उलट, ताज्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट असतो, म्हणून ते फोडून थेट आमटीत सोडता येतं. पसरत नाही.

आमच्याकडे थंडीत ही फोडून सोडलेल्या अंड्यांची येसर आमटी होते. येसर वर्षाचं एकदाच करून ठेवतो: ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजून, त्यात धणे, जिरे, मिरे, लवंग, सुकं खोबरं भाजून घालून बारीक दळायचं. चार माणसांच्या आमटीसाठी दोन कांदे विस्तवावर सालीसकट भाजा. पाव वाटी सुकं खोबरं, आठ लसूणपाकळ्या, आल्याचा तुकडा आणि कोथिंबीर यांबरोबर वाटा. तीन पळ्या तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई केली की आमटी कच्ची लागते. दोन चमचे काळं तिखट, हळद, मग पाच वाट्या कढत पाणी. दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून ओता, नाही तर गाठी होतात. दहा मिनिटं उकळू द्या, मीठ घाला, आच मंद करा आणि एकेक अंडं वाटीत फोडून अलगद सोडा. डाव घालू नका. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, बलक पूर्ण शिजेपर्यंत. कडक भाकरी ताटात कुस्करून वर ही आमटी ओतायची, बाजूला कच्चा कांदा.

याच दिवसांत परसातल्या वाफ्यात मेथी, चाकवत, कोवळी करडई असते. करडईची पानं काटे धरायच्या आत खुडा. बारीक चिरून, लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वरून शेंगदाण्याचं कूट. मेथी मात्र मी भुर्जीत घालते: आधी मेथी चुरचुरीत परतायची, पाणी आटलं की मग अंडी. वाफ्याभोवती बाभळीचे फाटे टाकून ठेवा, नाही तर कोंबड्या कोवळी रोपं अर्ध्या तासात उकरून ठेवतात. पीक निघालं की दार उघडा. उरलेले किडे त्या वेचतात आणि माती भुसभुशीत करतात. त्यांचं खत ताजं घालू नका, ते उष्ण असतं, मुळं जाळतं. पालापाचोळ्याबरोबर तीन महिने कुजवा, मगच वाफ्याला.

पौषात शाळूची कणसं हुरड्याला येतात. शेणीच्या आगटीत भाजून हातावर चोळलेला हुरडा, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी आणि घट्ट दही असलं की त्या दिवशी दुसरं काही लागत नाही. चोळून उरलेली पाखड कोंबड्यांना टाका.

उन्हाळा

होळी झाली की कामाची पद्धत बदलायची. कोंबडीला घाम येत नाही. ती पंख सोडून, चोच उघडून धापा टाकते आणि तेवढ्यानेच अंग थंड करते. ३५ अंशांच्या पुढे तिचे हाल सुरू होतात आणि आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो. धाप लागली की श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड फार बाहेर जातो, त्यामुळे कवच बनायला लागणारा घटक रक्तात कमी पडतो. एप्रिलमध्ये अंड्याची कवचं पातळ का होतात याचं हे कारण आहे. नुसता शिंपला वाढवून ते भरून येत नाही, अंग थंड ठेवावं लागतं.

त्यासाठी खाणं पहाटे आणि सूर्य मावळल्यावर द्या. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून अकरा ते चार भांडं उचलून ठेवा. पाण्याची भांडी मातीची, तीन ठिकाणी, सगळी सावलीत. दुपारी एकदा पाणी बदला. कोमट पाणी कोंबडी पीत नाही. खुराड्याच्या पश्चिमेला गोणपाट लावून ते ओलं ठेवा, पण दुसरी बाजू उघडी राहिली पाहिजे. चारही बाजूंनी ओलं गोणपाट लावलं तर आत दमट कोंडतं आणि ते कोरड्या उन्हापेक्षा वाईट. दुपारी पाण्यात लिंबू, गूळ आणि चिमूटभर मीठ, किंवा दुकानातली इलेक्ट्रोलाइटची पूड.

एखादी कोंबडी आडवी पडली, तुरा काळपट दिसला तर तिचे पाय आणि पोट साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून धरा. बर्फाचं पाणी नको. मी अशा दोन वाचवल्या आहेत आणि उशीर झाल्यामुळे एक गमावली आहे.

या दिवसांत अंडी निम्म्यावर येतात. जी येतात ती दिवसातून दोनदा गोळा करा. कोंबडा असेल तर फळलेलं अंडं उन्हाच्या उबेनेच आत वाढायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत खराब होतं. फ्रीज नसेल तर माठाखालच्या ओल्या वाळूशेजारी परडीत ठेवा. शंका आली तर पाण्यात सोडून बघा: आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्या.

स्वयंपाकघरही तेव्हा हलकं होतं. शेवग्याच्या शेंगांची आमटी, कैरीचं कच्चं तक्कू, ताकातली भाकरी. शेवगा एक झाड तरी लावाच. शेंगा आपल्याला, पाला कोंबड्यांना, सावली खुराड्याला.

पावसाळा

आपल्याकडे पाऊस थोडा, पण काळी माती चिकट. खुराड्याभोवती मुरूम टाकून घ्या. टरफलांचा थर ओला झाला की लगेच बदला, कारण रक्ती हगवण ओलीतूनच पसरते आणि ती आधी लहान पाखरांना धरते. लाल विष्ठा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरला विचारा, दुकानदाराला नव्हे. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही अंडी खायची नाहीत.

बांधावर, अंगणात घोळ आणि तांदुळजा आपोआप उगवतो. घोळीची भाजी ताकातली करा: हरभरा डाळ भिजवून शिजवायची, त्यात चिरलेली घोळ, ताकात कालवलेलं थोडं डाळीचं पीठ, वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी.

कोंबडा आणि उतरलेली कोंबडी

दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी होतात. तेव्हा तिला ठेवायचं की शिजवायचं हे घराने आधीच ठरवलेलं बरं. मुलांनी नाव ठेवलेली कोंबडी आम्ही कापत नाही, म्हणून आमच्याकडे नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे.

या मांसाला दुकानातल्या ब्रॉयलरची पद्धत चालत नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवा, पाखरू फार जुनं असेल तर कच्च्या पपईचा चमचाभर कीस चोळा. भरपूर पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास शिजवा. हे पाणी म्हणजे आळणी. लहान मुलांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला ते आधी वाटीत काढून द्यायचं. मग उरलेल्यात वर सांगितलेलं वाटण आणि काळं तिखट घालून रस्सा. येसर इथेही चालतं, पण एकच चमचा. गावरान आळणीला स्वतःची दाटी असते.

रवण

ग्रामप्रिया, गिरिराज सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, आणि त्यांची पिलं आईइतकी अंडी देत नाहीत. म्हणून ती एक गावरान कोंबडी. ती खोक्यातून उठेनाशी झाली, हात लावला की पिसं फुलवून कुरकुरायला लागली की खुडूक झाली असं समजा. पिलं नको असतील तर चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात हवेशीर ठेवा, उतरते.

श्रावणात आमच्या घरात अंडी खात नाहीत, ती शेजारी जातात. पिठोरीची अवस संपली की मात्र मी शेजारच्या कोंबड्याकडे आमची गावरान सोडते आणि तिची फळलेली अंडी जमवायला लागते. सात-आठ दिवसांपेक्षा जुनी उबवायला घेत नाही. ती दहा-बारा तरी लागतात, म्हणून कोंबडेवाल्या शेजारणीकडूनही ताजी मागून घेते. पितृपक्षाच्या सुरुवातीला ती खुडूक असेल तर टोपलीत राख, वर कडब्याची पानं, त्यावर अंडी आणि रात्रीच्या अंधारात तिला वर बसवायचं. दिवसातून एकदा उठवून खायला-प्यायला घाला. सातव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरून बघा: आत कोळ्यासारख्या लाल रेघा दिसल्या तर पिलू आहे, स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून घ्या. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी, बहुधा नवरात्र सुरू असतानाच, टोपलीतून चिवचिव ऐकू येते. पहिला दिवस पिलांना काही घालायचं नाही, पोटातला बलक त्यांना पुरतो. दुसऱ्या दिवशी उथळ ताटलीत पाणी, त्यात चार खडे टाकून, म्हणजे पिलू बुडत नाही. आणि ज्वारीची बारीक कणी.